जैनाबादची लाळ

अख्ख्या बऱ्हाणपुराची लाळ आमच्या दाजींच्या वहीत होती. हे वाक्य मी चांगला विचार करून लिहितो आहे. तहसीलदारांची होती, गावातल्या दोन्ही वैद्यांची होती, केळीच्या आडत्यांची होती, राजघाटावरच्या भटजींची त्यांच्या सगळ्या सोवळ्यासकट होती, आणि ज्या न्हाव्याकडे दाजी हजामत करून घेत त्याची तर तीनदा घेतलेली होती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सरकारी हायस्कुलात रसायन शिकवायचे. मी तहसील कचेरीत नवा कारकून लागलो आणि बस्तान बसेपर्यंत म्हणून त्यांच्याकडे राहायला आलो. पहिल्या दिवशी उंबरठ्यावर पाऊल ठेवलं तेव्हा पायांवर घ्यायला पाणी मिळण्याआधी माझ्या हातात काचेची नळी आली. "मेव्हणे, गाडीत पान-बिन खाल्लं नाहीत ना? उत्तम. चूळ भरा आणि यात थुंका." आतून ताई ओरडली, "अहो, त्याला घरात तं येऊ द्या! आल्या आल्या काय सुरू करून राहिले?" दाजी घड्याळाकडे बघत म्हणाले, "घरात काय, तो दोन वर्षं राहणार आहे. पण प्रवासातून आलेली लाळ पुन्हा मिळायची नाही."

हा सगळा खटाटोप कशासाठी होता, ते सांगायला हवं. भाकरीचा घास नुसता चघळत राहिलं की थोड्या वेळानं तो गोड लागायला लागतो, हे आपण सगळ्यांनीच अनुभवलेलं असतं. लाळेत एक एन्झाइम असतं, ते पिठाचे मोठाले कण तोडून त्यांची साखर करतं. दाजी तांदळाची पातळ पेज करून ती नळीत घेत, तिच्यात पाणी घालून विरळ केलेली लाळ मोजून टाकत, आणि दर मिनिटाला त्यातला एक थेंब पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर आयोडिन सोडत. पीठ शिल्लक असेल तर थेंब निळाशार होई. पीठ संपलं की निळं होणंच बंद. ज्याच्या नळीतला निळा रंग लवकर जाईल, त्याची लाळ तेज. पंधरा मिनिटं, अठरा मिनिटं, बावीस मिनिटं असे आकडे वहीत माणसांच्या नावांपुढे मांडलेले होते आणि दाजींच्या डोक्यात तीच त्या माणसांची ओळख होती. बाजारात कोणी नमस्कार केला की ते मला हळूच सांगत, "सतरा मिनिटांचे गृहस्थ आहेत, सज्जन." पोस्टमास्तर सत्तावीस मिनिटांचे होते, म्हणजे गावात सर्वांत शेवटचे, आणि हे कसं कोण जाणे पण सगळ्या गावाला कळलं होतं. ते बिचारे दाजी दिसले की रस्ता बदलत.

आयोडिनची बाटली दाजींच्या डगल्याच्या खिशात कायम असे. त्या खिशाचा रंग आणि पुढे त्याचं कापड, दोन्ही त्या बाटलीनं खाल्लं होतं. पेठेतल्या हलवायांना दाजी कोपऱ्यावर दिसले की माव्याच्या परातीवर फडकं पडे, कारण माव्यात पीठ मिसळलं आहे की नाही हे दाजी विचारत नसत, सरळ थेंब टाकत. एकदा एका लग्नात व्याह्यांच्या कडक खळ घातलेल्या टोपीकडे ते पंगत उठेपर्यंत टक लावून बघत होते. मी त्यांचा हात धरून बसलो होतो. पण विडे वाटायच्या वेळी माझी नजर चुकली आणि व्याही टोपीवर निळा टिळा घेऊन घरी गेले. "अहो, बघायला नको का खळ तांदळाची आहे का साबुदाण्याची?" हे त्यांचं म्हणणं. त्या घरून पुढे दिवाळीचा फराळ आला नाही.

खरं म्हणजे त्यांचं स्वप्न मोजण्याचं नव्हतंच, करण्याचं होतं. सजीवांच्या पोटात, पानात, फळात जे जे आपोआप बनतं ते माणसाला काचेच्या भांड्यात बनवता आलं पाहिजे, असा त्यांचा ध्यास. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी एका सुट्टीत कसलासा तेलकट द्रव, शिरक्यातलं आम्ल आणि गंधकाम्लाचे थेंब एकत्र उकळून पिकल्या केळ्याचा वास तयार केला. बऱ्हाणपुरात! जिथे केळीच्या गाड्यांमुळे रस्ता अडतो त्या गावात! ती बाटली घेऊन ते एका आडत्याकडे गेले आणि त्याच्या नाकाखाली बूच उघडलं. आडत्या ताडकन उठला आणि "कोणता घड जास्ती पिकून गेला रे?" असं ओरडत पिकवणीच्या खोलीकडे धावला. सगळी खोली उलथीपालथी केल्यावर त्याला खरी गोष्ट कळली. "मास्तरसाब," तो घाम पुसत म्हणाला, "आमच्याजवळ केळं हाय, वास त्याच्यासोबत फुकटात येतो." दाजी मात्र घरी येताना गंभीर होते. मला म्हणाले, "मेव्हणे, एवढासा वास करायला मला आग लागली, तेजाब लागलं, अख्खा दिवस लागला. केळं तेच काम झाडावर लोंबकळत, थंड डोक्यानं करतं. कारण त्याच्याकडे एन्झाइम आहे. वास जमला हो. पण ते एन्झाइम हातानं घडवणारा माणूस अजून जन्मायचा आहे." मग थोडं चालून गेल्यावर, "तोवर निदान ओळख तरी करून घेऊ त्याची." ही वही म्हणजे ती ओळख होती.

आता यात आमच्या ताईचा एक नियम होता आणि पुढचं सगळं रामायण त्या नियमातून झालं. दुसऱ्याच्या तोंडातलं म्हणजे उष्टं, आणि उष्टं घरात चालणार नाही. नळ्यांचं लाकडी स्टँड म्हणून मागच्या उघड्या पडवीत असे. हिवाळ्यात तिथे असा वारा यायचा की आयोडिनचा थेंब टाकताना दाजींचा हात कापे, पण नळी स्वयंपाकघराच्या उंबरठ्याच्या आत कधी आली नाही. दाजी ताईपुढे वाद घालत नसत. ते म्हणायचे, "तिच्या शास्त्रात मी लुडबुड करत नाही, माझ्या शास्त्रात ती करत नाही." हे दुसरं वाक्य तितकंसं खरं नव्हतं, हे आम्हाला नंतर कळलं.

एका हिवाळ्यात दाजींनी ठरवलं की तापीच्या अलीकडची माणसं पुरे झाली, आता पलीकडची घ्यायची. पलीकडे जैनाबाद. पहाटे उठून राजघाटावरून नावेनं जायचं, केळीच्या बागांत कामाला निघालेल्या लोकांना काठावरच गाठायचं, पेजेत लाळ मिसळून वेळ टिपायची आणि शाळेच्या घंटेच्या आत परत यायचं. म्हणजे थेंब टाकायचं काम परतीच्या वाटेवर, नावेत. पण नळ्या आणायच्या कशात? डगल्याच्या खिशांना भोकं. हातात भाजीची थैली असायची, पण ताईनं आधीच बजावलं होतं, "त्या थैलीत घरची भाजी येते. तिच्यात दुनियेची थुंकी घालून आणाल, तर मी भाजीसकट थैली तापीत सोडून देईन." दाजींनी यावर शिंप्याकडून एक पट्टा शिवून घेतला. खादीचा, रुंद, नळ्यांसाठी सात कप्पे असलेला. शिंप्यानं विचारलं, "मास्तर, काडतुसं ठेवायची का?" तो पट्टा दाजी सदऱ्याच्या आत, पोटाला घट्ट बांधत, वर स्वेटर, त्यावर डगला. नावेत बसलं की एकेक नळी पोटातून काढावी, थेंब बशीत घ्यावा, नळी परत आत. नावाडी पहिल्या दिवशी ते बघून इतका गडबडला की नाव अर्धा फर्लांग खाली लागली.

आणि काय सांगू, जैनाबादनं कमाल केली! बऱ्हाणपूरकरांना पंधरा-वीस मिनिटं लागत होती, तिथे जैनाबादच्या नळ्या पाच मिनिटांत फिक्या पडू लागल्या. कोणी सहा, कोणी साडेपाच. रुखमाबाई म्हणून एक बाई होत्या, नवऱ्याच्या मागे केळीची बाग एकटीनं सांभाळणाऱ्या, आवाज असा की या काठावरून हाक मारली तर त्या काठावरचा गडी उठून उभा राहील. त्यांची नळी चार मिनिटांत साफ! दाजींनी सात वेळा नळ्या घेतल्या, सातही वेळा तेच. ते वेड लागल्यासारखे झाले. जेवताना मध्येच थांबत आणि म्हणत, "नदी एकच. माणसं तीच. मग काय असेल?" ज्वारी असेल, त्या काठची माती असेल, पिढ्यान्पिढ्यांची कच्ची केळी असतील. जैनाबादच्या पारावर उभं राहून त्यांनी सगळ्यांसमक्ष सांगितलं की तुमची लाळ असाधारण आहे आणि रुखमाबाई पहिल्या आहेत. झालं! जैनाबादची माणसं बऱ्हाणपूरच्या बाजारात छाती काढून चालायला लागली. हॉटेलात एक भजी जास्त मागवून म्हणत, "आम्हाले पचते, मास्तरनं मोजेल हाय." इकडे आमचे एक वैद्य स्वतःची लाळ पुन्हा तपासून घ्यायला दोनदा येऊन गेले.

ते दिवस राज्यांच्या जोडणीचे होते. कालपर्यंत नागपूरकडे तोंड करून बसलेलं आमचं निमाड आता भोपाळकडे तोंड करून बसलं होतं. जोडलेल्या चार राज्यांचे सरकारी नोकर एकाच यादीत ओतायचे होते, आणि कोण कोणाच्या वर, कोण कुठे, या चिंतेनं आमच्या कचेरीत माणसं अर्धी झाली होती. त्यातच शाळेत हिंदीतला एक लांबलचक फॉर्म आला. त्यात एक रकाना होता, प्रकाशित शोधकार्य. हेडमास्तर दाजींना म्हणाले की हा रकाना भरलेला असेल तर नव्या व्यवस्थेत तुम्ही सरळ कॉलेजात जाल, नाहीतर जन्मभर इथेच खडू. दाजींचा तो रकाना आजवर कोरा होता. ताईनं मात्र ते मनावर घेतलं. कधी काही न मागणारी बाई, पण त्या आठवड्यात दोनदा माझ्याजवळ म्हणाली, "प्रोफेसर झाले तं बरं होईल रे. त्यांच्या हुशारीचं कोणी चीज नाही केलं." मी कचेरीतल्या टाइपरायटरवर तेरा पानांचा इंग्रजी लेख टाइप केला. तापीच्या दक्षिण काठावरील लोकांच्या लाळेची असामान्य शक्ती, असा काहीसा त्याचा मथळा होता. दाजींचे नागपूरचे जुने प्राध्यापक तो एका शास्त्रीय मासिकात छापून आणणार होते. पत्ता मीच माझ्या वळणदार अक्षरात लिहिला आणि एका संध्याकाळी पाकीट रजिस्टर करून आलो. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं ते जाणार होतं.

त्या दुसऱ्या दिवशी शाळेला स्थानिक सुट्टी होती. दाजी म्हणाले, "चला मेव्हणे, जैनाबादला. त्यांना जाऊन सांगू की तुमची कीर्ती नागपूरला निघाली." मी अर्धी रजा टाकली. पेढे घेतले. आणि सवय ती सवय, निघताना दाजींनी दोन नळ्या, पेज आणि बशी घेतलीच. पट्टा मात्र नव्हता. काम संपलं म्हणून ताईनं तो उकळत्या पाण्यात घालून, राखेनं घासून वाळत टाकला होता. जैनाबादला पेढे वाटले, रुखमाबाईंनी कौतुकानं चूळ भरली, नळी तयार झाली आणि नावेकडे येताना दाजींनी ती माझ्या हातात दिली. "धरा जरा. स्वेटरच्या आत ठेवलीत तरी चालेल." मी? परक्या बाईची उष्टी नळी मी पोटाशी धरू? मी शेवटी ताईचाच भाऊ. नळीच्या गळ्याला सुतळी बांधली आणि हात लांब करून, कंदील धरावा तशी ती नावेबाहेर लटकवून बसलो. पौषाचा वारा असा होता की बोटं बधिर झाली.

पाच मिनिटांनी दाजींनी थेंब घेतला. निळाशार. सात मिनिटं, निळा. दहा मिनिटं, निळा. "आयोडिन बिघडलं वाटतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "रुखमाबाईंना बरं नव्हतं का?" मी म्हटलं, "ठणठणीत होत्या. मला केळ्याची फणी दिली." बाराव्या मिनिटालाही थेंब निळाच. आणि मग नळी परत देताना त्यांचं बोट तिला लागलं. ते थांबले. नळी गालाला लावून पाहिली. मग दुसरा हात हळूच स्वेटरच्या आत, स्वतःच्या पोटावर ठेवला.

"मेव्हणे, जैनाबादच्या नळ्या आजवर कुठे होत्या?"

"तुमच्या पोटाशी."

"आणि गावातल्या?"

"मागच्या पडवीत."

त्यांनी नळी सदऱ्याच्या आत सरकवली आणि घड्याळ काढून बसले. थोड्याच मिनिटांत तीच नळी, तीच लाळ, थेंब निळा व्हायचं थांबलं. बशीकडे बघत ते इतक्या हळू आवाजात बोलले की नावाड्यानं वल्हं थांबवलं. "ऊब मिळाली की एन्झाइम जोरात चालतं. मॅट्रिकच्या पोरांकडून दर वर्षी घोकून घेतो मी हे. आणि मी काय केलं? अहो, मी जैनाबादची लाळ मोजलीच नाही. मी माझ्या पोटाची ऊब मोजली." मग एकदम ताडकन उभे राहिले. नाव कलंडता कलंडता वाचली. "पाकीट!"

आमचे दाजी एरवी चालतानासुद्धा विचार करत चालणारे. त्या दिवशी राजघाटाच्या पायऱ्या ते दोन-दोन करून चढले, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हातात बशी, मागे मी केळ्याची फणी घेऊन. वाटेत मी एकदाच म्हणालो, "दाजी, जाऊ द्या की. नागपूरला कोणाला कळणार आहे? रकाना तरी भरेल." ते थांबले. रागावले नाहीत, पण असं बघितलं की मी आजही ते वाक्य आठवलं की खाली मान घालतो. "मला कळलंय ना," ते म्हणाले, आणि पुन्हा पळायला लागले.

पोस्टात कळलं की थैली टांग्यानं स्टेशनवर गेली. आणि समोर कोण, तर सत्तावीस मिनिटांचे पोस्टमास्तर. दाजींनी धापा टाकत सगळं सांगितलं. पोस्टमास्तर शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे मास्तर, ती चार मिनिटं खोटी?" "साफ खोटी." "अन् माझी सत्तावीस?" दाजी म्हणाले, "तुमची नळी ऐन थंडीत घेतली होती. त्यांचाही भरवसा नाही." पोस्टमास्तरांच्या तोंडावर असा आनंद पसरला की पुसू नका. त्यांनी छापील फॉर्म घेतला, शिक्का घेतला, टोपी घातली आणि म्हणाले, "गाडीत चढेपर्यंत थैली माझ्या अखत्यारीत आहे. चला." टांग्यात तिघं बसलो. दाजी दर दोन मिनिटांनी टांगेवाल्याला "जल्दी, जल्दी" करत होते. शेवटी तो मागे वळून म्हणाला, "मास्तरसाब, घोडा है, इंजन नहीं. और इंजन तो चांदनी में खडा है, अभी आया नहीं."

देवासारखा बोलला. गाडी खरोखरच मागच्या चांदनी स्टेशनात खोळंबली होती. प्लॅटफॉर्मवर टपालाच्या थैल्या गाडीची वाट बघत पडल्या होत्या आणि दाजी त्यांच्याकडे आजारी मुलाकडे बघावं तसे बघत उभे राहिले. पण नियम म्हणजे नियम. पाकीट परत हवं तर पाठवणाऱ्यानं पाकिटावरचा पत्ता तसाच्या तसा लिहून दाखवायचा, अक्षर जुळलं पाहिजे. दाजींनी घाईघाईनं पत्ता लिहिला. पोस्टमास्तरांनी थैलीतून पाकीट काढून ताडून पाहिलं. "जुळत नाही." दाजींनी पुन्हा लिहिला. "नाही जुळत." तिसऱ्यांदा लिहिताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला तेव्हा कुठे आठवलं की पत्ता तर मी लिहिला होता! माझ्या बावळटपणाचा मला इतका आनंद कधीच झाला नसेल. दाजींनी मला जागच्या जागी आपला मुखत्यार नेमलं, मी पत्ता लिहिला, पोस्टमास्तरांनी चष्मा चढवून प्रत्येक वेलांटी तपासली, शिक्का मारला आणि पाकीट दाजींच्या हातात ठेवलं. तेवढ्यात चांदनीकडून शिट्टी ऐकू आली.

दाजी बाकावर बसले. पाकीट मांडीवर. मला वाटलं, आता हे रडणार. एवढा मोठा शोध गेला, कॉलेज गेलं. पण ते हसायला लागले. आधी हळू, मग मोठ्यानं, मग पोट धरून. पोस्टमास्तरही हसायला लागले. रुखमाबाईंची ती केळी आम्ही तिघांनी तिथेच बसून संपवली. गाडी आली, थैल्या चढल्या, गाडी गेली, तरी दाजी हलेनात. "वाचलो हो मेव्हणे," असं दर थोड्या वेळानं म्हणत आणि आणखी एक केळं सोलत. मी म्हटलं, "पण तो रकाना?" ते म्हणाले, "कोरा राहील. कोऱ्या रकान्याखाली सही करताना हात कापत नाही." एखाद्या माणसाचं ओझं उतरताना मी असं डोळ्यांसमोर कधी पाहिलेलं नाही, आणि खरं सांगतो, मलाही इतकं हलकं वाटलं की परतीचा टांगा सोडून आम्ही चालत गावात आलो.

ताईला सांगायचं कसं, हा प्रश्न होता. दाजींनी सरळ सांगितलं. ती चुलीपुढे बसून ऐकत होती. प्रोफेसरांचं घर तिच्या डोळ्यांसमोरून गेलं असणार, गेलं नाही असं कसं म्हणू? मग म्हणाली, "छापून आल्यावर कळलं असतं, तं तुम्ही वर्षभर नीट जेवले नसते. बरं झालं बाई, आजच कळलं." आणि थोड्या वेळानं, खाली बघून, "पण नळ्या पोटाशी बांधायला लावल्या त्या मीच ना?" दाजी पाटावरून उठून तिच्याजवळ जाऊन बसले. म्हणाले, "तुझा नियम तुझ्या जागी बरोबर होता. पडवी आणि पोट एकच धरलं, ते मी." त्या दिवशी ताईनं शिरा केला. कशाबद्दल, ते कोणी विचारलं नाही.

मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण पुढच्या रविवारी सकाळी दाजी पुन्हा डगला घालून तयार. मी म्हटलं, नावाड्याबरोबर निरोप पाठवा. ते म्हणाले, "मोठेपणा दिला तेव्हा निरोप पाठवला नव्हता. स्वतः गेलो होतो." जैनाबादच्या पारावर सगळे जमले. दाजींनी पोटावर हात ठेवून चूक समजावून सांगितली. पट्टा, पडवी, थंडी, ऊब, काही लपवलं नाही. एक म्हातारबा म्हणाले, "म्हंजे आमची लाळ साधीच?" "साधीच. माझ्यासारखी." मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मग मागून रुखमाबाई पुढे आल्या, कमरेवर हात ठेवून.

"मास्तर, लई लोकं येऊन गेले इथं. कोणी जमीन मोजून गेलं, कोणी माणसं मोजून गेलं, कागदावर काय लिहिलं ते देवाले माहीत. झूठ लिहिलं असं सांगाले कोणी लौटून नाही आलं. तुम्ही पह्यले." आणि लगेच पोराला म्हणाल्या, "जाय रे, चुलीवरचं कोमट पाणी आण. मास्तर, बसा. आता बराबर मोजा."

कोमट पाण्याच्या घंगाळात नळ्या उभ्या केल्या. जैनाबादच्या, आणि शेजारी एक दाजींची स्वतःची. रुखमाबाईंची आणि दाजींची नळी एकाच मिनिटाला फिकी पडली. त्या वाकून बघत होत्या. "बराबरीत सुटलो म्हणा की," असं म्हणून हसल्या, आणि पारावरची सगळी माणसं हसली.

पुढे दोन हिवाळे दाजी दोन्ही काठांवर कोमट पाणी घेऊन हिंडले. उत्तर एकच आलं, तापीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या माणसांत काही फरक नाही. ते त्यांनी दीड पानात लिहिलं. नागपूरच्या प्राध्यापकांनी कळवलं की काम चोख आहे, पण यात नवीन काही नाही, कोणी छापणार नाही. दाजी शेवटपर्यंत हायस्कुलातच राहिले, खडू झटकत निवृत्त झाले. आता ते नाहीत. त्या वर्षांत कचेरीत बसून मी हजारो कागदांवर लिहीत होतो की कोण इकडचा, कोण तिकडचा, कोण वरचा, कोण खालचा. त्यातलं आज मला एकही नाव आठवत नाही. ते दीड पान मात्र मला तोंडपाठ आहे, आणि ते कुठे छापून आलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.